आठ जीबीचा कडता

माझे सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, म्हणजे सरकारी कागदावर झाले. भाजीवालीने तराजू उचलला की त्यांची मान आपोआप एका बाजूला कलते आणि डोळा काट्यावर जातो. आमच्या इमारतीबाहेर मळ्यातल्या बायका मेथी, वांगी, शेवंती घेऊन बसतात. बाबा दिसले की त्या न सांगता दोन वांगी जास्त टाकतात. त्यावरही ते चिडतात. "जास्त म्हणजेसुद्धा चूकच," ते म्हणतात. "माप म्हणजे माप."

नवरा पुण्याला नोकरीला. शनिवार-रविवार घरी. बाकीचा आठवडा नाशिकच्या घरात आम्ही दोघंच, बाबा आणि अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी मी. सासूबाई गेल्यानंतर बाबांनी एक काम अंगावर घेतलं होतं. जिल्ह्यात जिथे कुठे जुनी मापं सापडतील, शेर, पायली, अधोली, चिपटं, तिथे जाऊन त्यांचे फोटो काढायचे आणि अल्बम करायचा. पेठकडच्या पाड्यांवर नागली मोजायची लाकडी मापं मिळाली, तेव्हा तर एकेका मापाचे चारी बाजूंनी आणि पालथं घालून असे फोटो काढले. मोबाइल भरला. म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं.

एम. जी. रोडवरच्या एका छोट्या दुकानातून तो जुळवून आणला. दुकानदार तिशीतला, नम्र, सारखा "हो काका" म्हणणारा. पावतीवर प्रोसेसर, डिस्क, आणि "मेमरी आठ जीबी" असं लिहिलेलं. बाबांनी पावती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि समाधानाने रिक्षात बसले.

कॉम्प्युटर घरी आला की लोक गाणी लावतात, फोटो बघतात. बाबा औषधाच्या बाटलीतला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारे. विंडोज त्यांनी हट्टाने मराठीत करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते "माझ्या पीसीबद्दल" या पानावर जाऊन पोचले. मी पोळ्या करत होते.

"सूनबाई, गॅस बंद कर आणि इकडे ये. हे मोठ्याने वाच."

मी वाचलं. "स्थापित रॅम, आठ जीबी. कंसात, पाच पूर्णांक अठ्ठ्याऐंशी वापरण्याजोगी."

"म्हणजे?"

"म्हणजे आठ बसवली आहे, पण सहाच्या आसपास वापरता येते."

"दोनच्या वर कमी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका शांत होता की मला नवल वाटलं. "आणि लबाडी बघ. कंसात लिहिलंय. चोर नेहमी कंसातच लिहितो."

बाजारात शेतमालाचं वजन झालं की त्यातून थोडं वजा करायची जुनी रीत असायची. माती म्हणून, ओल म्हणून, पाला म्हणून. त्याला कडता म्हणतात. चांदवड, लासलगाव, येवला अशा बदल्यांत बाबांची उमेदीची वर्षं या कडत्याशी भांडण्यात गेली होती. आता तो कडता त्यांच्या स्वतःच्या टेबलावर, त्यांच्या स्वतःच्या विजेवर चालत होता.

त्यांनी मुलाला फोन लावला. माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हार्डवेअरचं काही विचारलं की त्याला अचानक मीटिंग असते.

"बाबा, ते हार्डवेअरसाठी राखीव असतं."

"राखीव कोणी ठेवलं?"

"म्हणजे... सिस्टिमने."

"कोणाला विचारून? मशीन माझं, मेमरी माझी, पावती माझ्या नावावर. मला एक शब्द नाही!"

"बाबा, मी शनिवारी आलो की सांगतो. मीटिंग आहे."

शनिवारपर्यंत थांबतील ते बाबा कसले. त्याच संध्याकाळी इस्त्रीचा बुशशर्ट घालून ते दाराशी उभे राहिले. हा बुशशर्ट नोकरीच्या काळातला. लग्नकार्यालासुद्धा ते तो घालत नसत. मी स्कूटर काढली. मागे बसताना त्यांनी पावतीचा खिसा चाचपला, आणि मला एकदम वाटलं की कित्येक महिन्यांत त्यांना इतकं ताजंतवानं मी पाहिलं नव्हतं.

दुकानात गर्दी होती. मालकाने बाबांचं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "काका, ते असंच असतं."

यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाबांच्या उभ्या नोकरीत प्रत्येक खोट्या वजनाच्या धन्याने त्यांना हेच ऐकवलं होतं.

"असंच असतं म्हणजे कसं असतं?"

"सगळ्यांचंच कमी दाखवतं, काका. कुठल्याही दुकानात जा."

"म्हणजे सगळे सामील आहात."

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. एकाने हळूच स्वतःच्या लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरली. मालक गोंधळला. "काका, मशीन घेऊन या, उघडून दाखवतो तुमच्यासमोर," तो म्हणाला.

"येणारच," बाबा म्हणाले. "पंचांसमोर उघडायचं."

घरी येईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती, कारण बाबांनी वाटेत सिग्नलवरूनच इमारतीच्या ग्रुपवर मजकूर टाकला होता. "सर्व सभासदांनी आपापली मेमरी तपासावी." झालं. तासाभरात प्रत्येक घरात मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक घरात चोरी सापडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मोबाइलमध्ये जागा कमी. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या डिस्कवर कमी. शिकवणीवाल्या सरांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये चार बसवलेली आणि सव्वातीनच दिसते. एका सभासदाचं मात्र आठच्या आठ भरलं, तर त्याच्याकडे सगळे संशयाने बघायला लागले. शेवटी कळलं की तो कॅल्क्युलेटरवर स्वतःच दाबलेला आठ बघत होता.

पार्किंगमध्ये सभा भरली. कोणी म्हणालं हा परदेशाचा डाव आहे, उरलेल्या मेमरीत बसून ते आपलं बोलणं ऐकतात. कोणी म्हणालं मेमरी पावसाळ्यात आकसते. शिकवणीवाले सर म्हणाले, वापरली नाही तर ती मरते, माणसासारखीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विज्ञान शिकवते म्हणून माझ्याकडे पाहिलं गेलं. मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही. या एका वाक्याने इमारतीतली माझी किंमत बरीच उतरली.

सोसायटीचे अध्यक्ष पूर्वी फ्लॅट विकायच्या धंद्यात होते. आमचेही त्यांनीच विकलेले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, बसवलेलं वेगळं आणि वापरण्याजोगं वेगळं. यात एवढं काय? तुमच्या फ्लॅटचंच बघा ना. कागदावरचं क्षेत्र केवढं, आणि आत..."

ते मध्येच थांबले. पार्किंगमधले सगळे मान वर करून आपापल्या फ्लॅटच्या खिडक्यांकडे बघायला लागले. मग सभेचा विषय बदलला आणि अध्यक्षांना एक महत्त्वाचा फोन आला.

बाबांनी पुढचा मोर्चा आपल्या जुन्या ऑफिसकडे वळवला. तिथे आता त्यांच्याच हाताखाली शिकलेले गृहस्थ साहेब झाले होते. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं.

"साहेब, तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते अदबीने म्हणाले. "पण आपल्याकडे किलो आहे, लिटर आहे, मीटर आहे. जीबी तपासायचा तर ताडून बघायला प्रमाण जीबी लागेल. तो आपल्या कपाटात नाही."

बाबा गंभीरपणे म्हणाले, "मग मागवून घ्या."

"घेतो, साहेब," ते गृहस्थही तितक्याच गंभीरपणे म्हणाले. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "चांगला माणूस आहे. मीच तयार केलेला."

शेवटी एके दुपारी आम्ही कॅबिनेट चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. बाबा त्याला मुद्देमाल म्हणत होते. पंच म्हणून त्यांनी मला नेलं, आणि दुसरा पंच म्हणून दुकानाशेजारच्या उसाच्या रसवाल्याला हाताला धरून आत आणलं. दुपारची वेळ असल्याने दुकान रिकामं होतं. फक्त मागच्या बाजूला पंख्याखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मालक म्हणाला, "माझे वडील. मोतीबिंदूसाठी गावाहून आलेत."

म्हाताऱ्यांनी उघड्या डोळ्याने बाबांकडे रोखून पाहिलं. मग गालात हसले.

"वळखलं का साहेब?"

बाबांना चेहरे आठवत नाहीत. त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"चांदवड."

"किराणा दुकान. पाच किलोचं वजन. बुडातलं शिसं कोरून काढलेलं."

"तेच!" म्हातारे मांडीवर थाप मारून म्हणाले. "पेढीवरून उचलून नेलं व्हतं तुमी. भर बाजाराच्या दिवशी. लय शोभा झाली माझी."

मालकाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "अण्णा, आपलं वजन जप्त झालं होतं?"

"तू ल्हान व्हतास. आईनं सांगितलं नसंल." ते बाबांकडे वळले. "आता पोराचं माप तपासाया आलात व्हय? तपासा, तपासा. उघड रे."

कॅबिनेट उघडलं. मालकाने मेमरीची पट्टी काढून बाबांच्या हातात दिली. तळहाताएवढ्या लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर छापलेलं आठ. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली, आणि सवयीने तिच्या बुडाकडे काही कोरलंय का तेही पाहिलं. म्हातारे खुदकन हसले. पट्टी परत बसवून मशीन सुरू झालं, पण विंडोज यायच्या आधीच मालकाने एक बटण दाबून दुसराच पडदा आणला. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं.

"हे बघा काका. हे मदरबोर्डाचं स्वतःचं म्हणणं आहे. इथे विंडोज अजून जागी झालेली नाही. मेमरी किती लिहिली आहे?"

मी वाचलं, "आठ हजार एकशे ब्याण्णव."

"आठ हजार पाहिजे ना?" बाबा म्हणाले. "वरचे एकशे ब्याण्णव कुठून आले?"

"मेमरीचा एक जीबी म्हणजे एक हजार चोवीस एमबी, काका. डिस्कवाले मात्र हजारानेच मोजतात. म्हणून डिस्क आणली की ती कमी दिसते."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे पक्का जीबी आणि कच्चा जीबी! शेरासारखंच! अरे, ही दोन-दोन मापं मोडायला सरकारला किती वर्षं लागली, आणि तुम्ही ती पुन्हा सुरू केलीत?"

"मी नाही केली, काका."

"मंग आठ भरलं म्हना की," म्हातारे मागून म्हणाले.

"इथे भरलं. पण आत दोन कमी का दिसतात?"

मालकाने खुर्ची ओढली. बहुधा इतक्या वर्षांत हे कोणी विचारून घेतलंच नव्हतं, कारण सांगताना तो खुलला. "पडद्यावर चित्र दिसतं ना, ते सारखं कोणीतरी आखत असतं, काका. महाग मशीनमध्ये त्या कामाला वेगळं कार्ड असतं आणि त्या कार्डाची स्वतःची मेमरी असते. तुमच्या मशीनमध्ये वेगळं कार्ड नाही. ती सोय प्रोसेसरच्या पोटातच आहे, पण तिला स्वतःची मेमरी नाही. म्हणून मशीन सुरू होतानाच बोर्ड आठातले दोन काढून चित्राच्या नावाने बाजूला ठेवतो. थोडी चिमूटभर आणखी किरकोळ कामांना जाते. विंडोज उठते तेव्हा तिला उरलेलं दिसतं, आणि तेवढंच ती सांगते."

"म्हणजे विंडोज खोटं बोलत नाही?"

"तीच खरं बोलते, काका. पावतीवर आठ आम्ही लिहितो."

मी विचारलं, "आणि आमच्या इमारतीतल्या सरांचे चाराचे सव्वातीन?"

"जुनी बत्तीस बिटची विंडोज असणार. तिच्याकडे पत्तेच मोजके. घरं जास्त आणि पत्ते कमी. काही पत्ते बाकीची यंत्रं घेतात, मग उरलेल्या मेमरीला नंबरच मिळत नाही. असून नसल्यासारखी."

बाबांना पटलं होतं आणि तेच त्यांना जड जात होतं. मग मागचे म्हातारे उठून पुढे आले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, कमी वजन कसं आसतं ते मला इचारा. हे कमी नाय. आन ह्या पोराला ते जमायचं बी नाय. पेढीवर बसवला तर गिऱ्हाइकाला मूठभर जास्तच घालायचा. म्हनून तर इकडं नाशकात आनून टाकला."

रसवाला पंच इतका हसला की त्याला बाहेर नेऊन उभं करावं लागलं.

बाबाही हसले. पण त्यांच्यातला निरीक्षक अजून खुर्चीतून उठला नव्हता. "बाजूला काढलेलं कमी करता येतं का?"

"येतं. इथेच आकडा आहे."

"मग सगळ्यात कमी कर."

"काका, इतकं कमी..."

"चित्राला कशाला हवेत दोन जीबी? मी काय सिनेमे काढणार आहे?"

मालकाने आकडा अगदी तळाला नेला. विंडोज उघडली. कंसातला आकडा आठाच्या उंबऱ्यापर्यंत चढला होता. बाबांनी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "वसुली झाली." घरी पोचलो तर शिकवणीवाल्या सरांनी त्यांना पेढा दिला.

हा विजय एक रात्र टिकला. सकाळी बाबांनी अल्बमचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं, तर ते उघडेचना. पडद्यावर नम्र मराठीत सूचना आली की चित्रासाठीची मेमरी अपुरी आहे. बाबांनी ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली. दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा ते फोनवर होते आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणत होते, "तसं फार नको... पण जरा वाढवून द्याल का?"

मग तीन-चार दिवस घासाघीस चालली. एवढं केलं तर फोटो उघडत, पण सरकताना अडखळत. तेवढं केलं तर सरकत, पण बाबांचा जीव तुटे. अखेर अर्ध्या जीबीवर सौदा पटला. आयुष्यभर कडता कमी करण्यासाठी भांडलेल्या माणसाने स्वतः होऊन तो वाढवून घेतला. मी एकदा तसं म्हणून दाखवलं. बाबा म्हणाले, "हा कडता नाही. हे बारदान आहे. धान्याला पोतं लागतंच. फक्त निव्वळ किती ते पावतीवर लिहिलं पाहिजे."

ते त्यांनी लिहायला लावलंच. दुकानदार बिचारा प्रत्येक पावतीवर "बसवलेली" आणि "वापरण्याजोगी" अशा दोन ओळी छापू लागला. परिणाम असा झाला की गिऱ्हाईक त्याच्याकडची पावती वाचून दचकायचं आणि पलीकडच्या दुकानातून नुसता आठ लिहिलेला कॉम्प्युटर आनंदाने घेऊन जायचं. बाबांना हे कळलं तेव्हा ते ग्राहकवर्गावर मनापासून रागावले. "यांच्यासाठी मी चाळीस-चाळीस मैल मोटरसायकल हाणली!" मग काही दिवसांनी दुसरी ओळ तशीच राहिली आणि तिचं अक्षर बारीक झालं. बाबांनी ते पाहिलं असणार.

म्हाताऱ्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. गावी जाण्याआधी ते एका सकाळी आमच्या घरी आले. हातात कापडी पिशवी, तिला जड वजनाने ओढ बसलेली. चहा झाल्यावर त्यांनी अल्बम बघायला मागितला. बाबांनी पेठची लाकडी मापं दाखवली, येवल्याची पितळी दाखवली. म्हाताऱ्यांनी प्रत्येक चित्र दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "समदी खरी मापं ठिवलीत साहेब. खोटं एक बी नाय?"

मग पिशवीतून त्यांनी गंजलेलं दोन किलोचं वजन काढून टीपॉयवर ठेवलं. "हे तवा तुमास्नी घावलं नव्हतं. गुळाच्या ढेपीमागं व्हतं."

बाबांनी ते उचललं. पालथं केलं. बुडातली खोबण बोटाने चाचपली. त्यांच्या चेहऱ्यावरून किती काय सरकून गेलं ते मला सांगता येणार नाही. आधी राग आला, तो स्पष्ट दिसला. मग कुठेतरी लाज, की आपल्या नजरेतून हे सुटलं कसं. म्हातारे शांतपणे दुसरा चहा बशीत ओतून फुंकत होते.

"त्या ढेपीमागे मी बघितलं होतं," बाबा अखेरीस म्हणाले.

"बघितलं व्हतं. ढेप हलवली नव्हती. मुंग्या व्हत्या."

बाबा उठले. खिडकीतला उजेड नीट पडेल अशा बेताने त्यांनी टीपॉय सरकवला, वजन पालथं ठेवलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, मागे पांढरं कापड धर."

मी कापड धरलं. म्हातारे खुर्ची जवळ ओढून सूचना करू लागले, खोबण अजून दिसत नाय, जरा कलतं करा. फोटो चांगला आला.